गाडी चढाला ठोकते : इंजिन उघडण्यापूर्वी काय पाहावे?



गळीत हंगाम भरात आला की गट कार्यालयाच्या दारात दोन तऱ्हेच्या तक्रारी येतात. एक, "आमच्या उसाला तोड कधी?" दुसरी, "तोड झाली, मोळ्या भरल्या, पण गाडी वाटेत बंद पडली." पहिल्या तक्रारीवर या पत्रिकेत पुष्कळ लिहिले जाते. दुसरीच्या बाबतीत मात्र 'ते गाडीवाल्याचे, तो बघेल' असे म्हणून आपण मोकळे होतो. वास्तविक गाडीवाला पुष्कळदा आपल्याच गावचा, आपलाच सभासद असतो. आणि गाडीतला ऊस तर सभासदाचाच असतो.

तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा, हे आपणांस नव्याने सांगावयास नको. त्यापुढे उसातले पाणी उडते, वजन घटते, आणि आतल्या साखरेचे विघटन सुरू होते. डिसेंबरच्या थंडीत हे जरा सावकाश चालते. मार्चच्या उन्हात फार झपाट्याने. वजनाची घट ज्याचा ऊस त्याच्या बिलातून जाते, उताऱ्याची घट आपणा सर्वांच्या दरातून जाते. रस्त्याच्या कडेला दोन दिवस उभी राहिलेली एक गाडी म्हणजे असा दुहेरी तोटा.

गाडी बंद पडण्यास टायर, पाटे, एक्सल अशी कारणे असतात आणि ती बहुधा न सांगता येतात. इंजिनाचे तसे नाही. इंजिन बसण्याआधी कित्येक दिवस ते आवाज देत असते. ड्रायव्हर सांगतोही : "साहेब, चढाला रेस दिली की ठोकतीया, पण चालतीया." या 'पण चालतीया'मध्येच सगळा घोटाळा आहे. काही ठोके असे असतात की अर्ध्या दिवसाच्या कामाने गाडी सुधारते, इंजिन उघडावे लागत नाही. काही असे असतात की पुढचे पाच किलोमीटरसुद्धा गाडी हाकू नये. आणि दोन्ही ठोके ऐकू येतात एकाच वेळी, म्हणजे बोजा आला, रेस दिली की. म्हणून लोक दोन्हीकडून फसतात. नोझल बदलून भागणार असते तिथे पूर्ण इंजिन उघडून बसतात, आणि बेअरिंग गेलेले असते तिथे "कारखान्यापर्यंत नेतो" म्हणून निघतात.

मी शेतकीचा माणूस, मिस्त्री नव्हे. पण गाडीतळावर नंबर लागेपर्यंत ताटकळणाऱ्या ड्रायव्हर मंडळींशी आणि वाहन विभागातल्या जुन्या जाणत्या फिटरांशी बोलून, उभ्या गाड्यांचे आवाज कान देऊन ऐकून, जे नीट उमगले ते येथे देत आहे. खरे म्हणजे ही पद्धत आपल्याला परकी नाही. उसाचे पान पिवळे दिसले की लगेच युरियाचे पोते फोडू नका, असे आम्ही शेतकीवाले सांगत असतो. कोवळ्या पानांवर शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा-पांढरा पडला असेल तर तो केवडा, लोहाची कमतरता. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून वर सरकत असेल तर नत्र कमी. आणि बेट ओढताच अलगद हातात येत असेल तर हुमणीने मुळ्या खाल्ल्या. तिथे कोणतेही खत घालून उपयोग नाही. लक्षण एक, रोग तीन. इंजिनाच्या ठोक्याचेही तसेच आहे.

ठोका दोन जातींचा असतो. एक जळणाचा, दुसरा लोखंडाचा. ही दोन नावे मी माझ्या सोयीची वापरतो. पण वाचणाऱ्याने एवढे दोन वेगळे ओळखले तरी निम्मे काम झाले.

आधी जळणाचा ठोका. पेट्रोलच्या इंजिनात पेटवायला ठिणगी देणारा प्लग असतो. डिझेलला तो नसतो. पिस्टन वर येताना आतली हवा मूळ जागेच्या साधारण सोळाव्या-अठराव्या हिश्शात दाबतो. इतकी दाबलेली हवा ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते, आणि नोझलमधून सुटलेला डिझेलचा फवारा तिच्यात आपोआप पेट घेतो. जर्मनीत रुडॉल्फ डिझेल यांनी १८९३ साली पहिले इंजिन फिरवून पाहिले आणि १८९७ साली ते नीट चालते करून दाखवले. तत्त्व आजही तेच आहे.

मात्र फवारा सुटला आणि त्याच क्षणी पेटला, असे होत नाही. मध्ये अगदी थोडा वेळ जातो. सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपासचा. एवढ्याने काय होते, असे वाटेल. पण इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर असेल तर तेवढ्या वेळात क्रँक १२ अंश फिरलेला असतो. हा मधला वेळ वाढला की काय होते, ते गुऱ्हाळावर बसलेल्या माणसाला चटकन कळेल. चुलवाणातला जाळ नीट असेल तर चिपाड आत पडेल तसे जळत जाते, काहिलीखाली सारखी आच राहते. जाळ विझत आलेला असताना जाळ घालणारा चिपाड कोंबतच राहिला, तर आधी नुसता धूर होतो आणि मग सगळे एकदम भडकते, तोंडातून ज्वाळा बाहेर येते. सिलिंडरमध्ये हेच घडते. पेटायला उशीर झाला म्हणून डिझेल साठते, आणि मग साठलेले सगळे एकदम पेटून पिस्टनच्या डोक्यावर घाव बसतो. तोच आपल्याला 'टक-टक', 'कड-कड' असा कोरडा, टणक आवाज म्हणून ऐकू येतो. रेस दिली की डिझेल एकदम वाढते, म्हणून घावही वाढतो.

आता हा उशीर का होतो, हे पाहू. गार इंजिन हे पहिले कारण. थंडीत पहाटे गाडी चालू केल्यावर काही मिनिटे डिझेलचे इंजिन ठोकणारच. त्यात काळजीचे काही नाही. पण गाडी तापल्यावरही आवाज तसाच राहिला तर पाहावे. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपल्याकडे गाडी गरम होऊ नये म्हणून मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकून देतात. "त्याची काय गरज, आपला मुलूख गरम," असे वर समजावतात. त्यामुळे इंजिन धड तापतच नाही. गार इंजिन ठोकते, डिझेल जास्त खाते, आणि रिंगा-लायनर लवकर झिजतात. गाडी जास्त गरम होत असेल तर रेडिएटर साफ करावा, पट्टा पाहावा, पाण्याचा पंप पाहावा. थर्मोस्टॅट हा शत्रू नव्हे.

दुसरे कारण टायमिंग. पंपाने डिझेल वेळेच्या आधी सोडले की त्या वेळी हवा पुरेशी दाबलेली व तापलेली नसते, आणि पेटायला उशीर लागतो. पंप काढून बसवताना एक-दोन खुणा सरकल्या तरी हे होते. पण पुष्कळदा ते मुद्दाम केलेले असते. "पिकअप वाढवून देतो" म्हणून टायमिंग पुढे घेतात, डिझेलचा स्क्रू वाढवतात. गाडी आठ दिवस उड्या मारते, मालक खूश होतो, नंतर ठोके सुरू होतात. टायमिंग किती अंशांवर असावे हे प्रत्येक इंजिनाचे वेगळे असते व ते कंपनीच्या पुस्तकात दिलेले असते. कानाने टायमिंग लावणारे मिस्त्री आहेत, त्यांतले काही फार चांगलेही आहेत. तरीपण खूण ती खूणच.

तिसरे, आणि ऊसवाहतुकीत सर्वांत जास्त आढळणारे, नोझल. नोझलचे काम डिझेलचा धुक्यासारखा फवारा करणे. तिची सुई अडकली, बूड झिजले किंवा कचरा बसला की फवाऱ्याऐवजी थेंब गळतात, पिचकारी उडते. थेंब उशिरा पेटतो, मग एकदम पेटतो. एखादीच नोझल बिघडली असेल तर एकाच सिलिंडरचा ठोका येतो आणि बहुधा सोबत काळा धूर असतो.

चौथे, कॉम्प्रेशन. रिंगा झिजल्या, वॉल्व्ह नीट बसत नसले, तर हवा निसटते आणि पाहिजे तेवढी तापत नाही. अशी गाडी सकाळी उशिरा चालू होते, चालू झाल्यावर पांढरा धूर काढते.

राहिले डिझेल. फडावर ट्रॅक्टरला कॅनमधून डिझेल घालावे लागते, हे मान्य. पण तोच कॅन काल मोटारसायकलसाठी पेट्रोल आणायला गेला होता का, हे कोणी पाहत नाही. पेट्रोल किंवा रॉकेल मिसळलेले डिझेल उशिरा पेटते, शिवाय पंपाच्या आतल्या बारीक भागांना लागणारे वंगण त्यात राहत नाही. कॅनच्या तळाशी पाणी व माती असते ती वेगळीच. ठोका नेमका टाकी भरल्यापासून सुरू झाला असेल, तर आधी टाकीकडे बघा, इंजिनाकडे नंतर.

यावरून सभासद मंडळी हमखास विचारतात तो प्रश्न येथेच घेतो. "आपल्याच कारखानदारीचे इथेनॉल पेट्रोलमध्ये चालते, मग डिझेलमध्ये थोडे टाकले तर काय बिघडते?" उत्तर असे, की पेट्रोल व डिझेल यांचा ठोका उलट्या स्वभावाचा आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगीने पेटवलेला जाळ पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटले की ठोका बसतो. म्हणून तिथे सहजासहजी आपोआप न पेटणारे इंधन चांगले, आणि इथेनॉल तसे आहे. २०२५ साली देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलपर्यंत मजल गेली, त्यात उसाचा वाटा आहे, याचा आपल्याला अभिमान आहेच. पण डिझेलच्या इंजिनात नेमके उलटे. तिथे आपोआप व लवकर पेटणारे इंधन हवे. हा गुण सीटेन अंकाने मोजतात. आपल्याकडे डिझेलचा सीटेन अंक किमान ५१ असावा असे प्रमाण आहे. इथेनॉलचा फारच कमी. म्हणजे जे पेट्रोलचा ठोका घालवते, तेच डिझेलचा ठोका वाढवते. तेव्हा हा प्रयोग घरी करू नये. मोटारसायकलवाल्या भाच्याने ऐकवलेले उपाय ट्रकला लावू नयेत, ते याच कारणासाठी.

आता लोखंडाचा ठोका. यात जळणाचा काही दोष नसतो. दोन भागांमध्ये जेवढे अंतर असावे त्यापेक्षा जास्त झाले, म्हणजे 'प्ले' आला, की तिथे लोखंडावर लोखंड आपटते. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजले असेल तर मध्यम रेसवर, आणि रेस देऊन एकदम सोडली की त्या क्षणी, स्पष्ट 'ठक-ठक' येते. मेन बेअरिंग गेले असेल तर आवाज खोल, जड 'धप-धप' असा; कानापेक्षा ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्याला आधी समजतो. पिस्टन व लायनर झिजले असतील तर गार असताना खडखड जास्त आणि तापल्यावर कमी. टॅपेटचा आवाज बारीक, 'टिक-टिक' असा असतो आणि बोजा वाढला तरी फारसा बदलत नाही. तो क्रँकच्या निम्म्या गतीने येतो, म्हणून सवयीच्या कानाला लगेच वेगळा कळतो.

कनेक्टिंगचा व मेनचा ठोका तापल्यावर वाढतो. ऑइल तापून पातळ होते, झिजलेल्या बेअरिंगमधून निसटते, दाब पडतो आणि आवाज वाढतो. जळणाचा ठोका गार असताना जास्त. बेअरिंगचा ठोका तापल्यावर जास्त. एवढे एक वाक्य प्रत्येक ड्रायव्हरने पाठ करावे, असे मला वाटते.

पाना हातात घेण्यापूर्वी ऑइलची पट्टी ओढून पाहावी. ऑइल कमी आहे का? दुधाळ झाले आहे का? तसे असेल तर त्यात पाणी उतरले. पट्टीवरची पातळी आपोआप वाढली आहे आणि ऑइलला डिझेलचा वास आहे का? तसे असेल तर एखादी नोझल गळते आहे आणि न जळलेले डिझेल खाली उतरून ऑइल पातळ करते आहे. येथे जळणाचा दोष पुढे लोखंडाचा दोष होतो. म्हणून आज नोझलच्या खर्चाकडे पाहून टाळाटाळ करणाऱ्याला उद्या क्रँकचा खर्च येतो. ऑइल फिल्टर काढून कापून पाहिला तर आणखी समजते. चकचकीत कण दिसले, त्यांतही तांबूस रंगाचे, तर ते बेअरिंगचे. मग वाद संपला.

इंजिनाबाहेरचे आवाजही इंजिनाच्या माथी मारले जातात. ट्रकला ब्रेकसाठी हवेचा कॉम्प्रेसर असतो. तो झिजला की हुबेहूब कनेक्टिंग गेल्यासारखा ठोकतो. ओळख सोपी आहे : ब्रेक चार-दोन वेळा दाबून टाकीतली हवा कमी करा, म्हणजे कॉम्प्रेसर भरायला लागेल आणि ठोका वाढेल. हवा पुरी भरून वॉल्व्ह सुटला की ठोका बदलेल किंवा थांबेल. असे झाले तर इंजिनाला हात लावू नका. प्रॉपेलर शाफ्टचा झिजलेला जॉइंट गाडी हलताना 'कट्‌' करतो, उभ्या गाडीत रेस दिली तर करत नाही. इंजिनाचे रबर फाटले असेल तर बोजा येताच इंजिन उचलले जाते आणि चेसिसवर आपटते.

हे सर्व पाहून झाल्यावर, जुन्या पद्धतीच्या पंपाचे इंजिन असेल तर सिलिंडर शोधण्याची परीक्षा करावी. गाडी रिकामी, सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना उटी लावलेली. गळ्यातले उपरणे, मफलर आधी काढून ठेवा. पंखा व पट्टा कोणाची गय करत नाहीत. इंजिन तापवून ज्या रेसवर ठोका येतो तिथे धरा. मग एका सिलिंडरच्या नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट फडके लावून अर्धा आटा ढिला करा. डिझेल बाहेर गळेल आणि तो सिलिंडर काम करायचा थांबेल. ठोका तसाच राहिला तर नट आवळून पुढच्या सिलिंडरकडे जा. ज्याचा नट ढिला केल्यावर ठोका गेला किंवा एकदम कमी झाला, तो आपला सिलिंडर. एकही सिलिंडर बंद केल्याने फरक पडत नसेल आणि आवाज खोल असेल, तर मेन बेअरिंगचा संशय धरावा.

पण पुष्कळ मिस्त्री येथेच थांबतात आणि "तीन नंबरचं कनेक्टिंग गेलंय" असे सांगून मोकळे होतात. हे बरोबर नाही. सिलिंडर बंद केला की जळणाचा ठोकाही जातो आणि बेअरिंगवरचा बोजा गेल्यामुळे बेअरिंगचा ठोकाही दबतो. या परीक्षेने घर सापडले. घरातला चोर अजून सापडायचा आहे. त्यासाठी पुढची पायरी अशी : गाडी बंद करून त्या सिलिंडरची नोझल आणि शेजारच्या चांगल्या सिलिंडरची नोझल यांची अदलाबदल करा. काढण्यापूर्वी आजूबाजूची धूळ पुसून घ्या, खालची तांब्याची वॉशर नवी घाला, आणि नंतर लाइनीतली हवा काढा. ठोका नोझलबरोबर दुसऱ्या सिलिंडरकडे गेला, तर दोष नोझलचा. ठोका जागचा हलला नाही, तर कॉम्प्रेशन गेज लावून पाहा. तेही बाकीच्या सिलिंडरांसारखेच निघाले तर मग लोखंडाचा दोष, आणि मगच चेंबर उतरवावे.

मागच्या एका हंगामात दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या एका ट्रॅक्टरच्या बाबतीत नेमके असे झाले. ट्रॅक्टर आपल्या एका तरुण सभासदाचा, कर्ज काढून घेतलेला, वर टोळीला दिलेली उचल अंगावर. फडातून सडकेला चढताना ठोका यायचा. तालुक्याच्या गावी एका ठिकाणी त्याला सांगितले, की इंजिन पूर्ण उघडावे लागेल, आठ-दहा दिवस लागतील. म्हणजे टोळी बसून राहणार, आणि तोडलेला ऊस दुसऱ्याच्या गाडीने द्यावा लागणार. तो पोरगा गट कार्यालयात आला तो रडवेला. वाहन विभागातल्या फिटरने पट्टी पाहिली, ऑइलचा दाब पाहिला, दोन्ही ठीक. सकाळी जास्त, दुपारी कमी, असे ठोक्याचे वर्णन त्या पोरानेच केले. नट ढिला करून सिलिंडर सापडला, नोझल अदलाबदल केली, ठोका तिच्याबरोबर गेला. नोझल हातपंपाच्या टेस्टरवर लावली तेव्हा धार सरळ लागत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर फडात होता.

त्याच महिन्यातला दुसरा प्रकार सांगायला बरे वाटत नाही, पण सांगतो. एका ट्रकचा ठोका तापल्यावर वाढत होता, ऑइलच्या दाबाचा काटा खाली आला होता. ड्रायव्हरला कळत होते. पण गाडी भरलेली, मालकाचा फोन, "एवढी खेप टाकून ये." कारखान्यापासून काही किलोमीटरवर चढ लागला, रेस दिली आणि कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भगदाड पाडून बाहेर आला. सगळे ऑइल रस्त्यावर. क्रँक, ब्लॉक, पिस्टन, काहीच राहिले नाही. बेअरिंगच्या जोडीवर भागले असते ते पूर्ण इंजिनावर गेले. आणि गाडीतला ऊस? तो एका अल्पभूधारक सभासदाचा, को ८६०३२ चा चांगला पोसलेला खोडवा. दुसरी गाडी मिळून मोळ्या उतरवून परत भरेपर्यंत तिसरा दिवस उजाडला. मार्च महिना होता. काट्यावर वजनाची चिठ्ठी हातात घेऊन ती बाई, होय, खातेदार बाईच होत्या, बराच वेळ उभ्या होत्या. त्यांनी कोणाला काही म्हटले नाही. इंजिनाशी त्यांचा संबंध काय होता? गाडी त्यांनी निवडलेली नव्हती, मालकाला त्या ओळखतही नव्हत्या.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की ठोका तापल्यावर वाढत असेल आणि ऑइलचा दाब पडलेला असेल, तर गाडी त्याच जागी बंद करावी. कारखान्यापर्यंत नाही, पुढच्या गावापर्यंतही नाही. गट कार्यालयाला कळवावे, ऊस दुसऱ्या वाहनात घ्यावा. यात ड्रायव्हरला मालकाने बोल लावू नये. आणि ज्याचा ऊस भरला जात आहे त्या सभासदानेही फडाच्या कडेला उभे राहून, "अरे, ह्या इंजिनाचा आवाज कसला येतोय?" असे विचारण्यात कमीपणा मानू नये. आपला माल आहे, विचारण्याचा हक्क आहे.

नव्या गाड्यांबद्दल थोडे वेगळे सांगावे लागेल. भारत स्टेज-६ हे प्रमाण १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांनाही २०२३ पासून धुराचे नवे प्रमाण आले. या इंजिनांत बहुतेक ठिकाणी कॉमन रेल पद्धत आहे. तिच्या नळीत डिझेलचा दाब दीड-दोन हजार बारपर्यंत असतो. अशा गाडीवर वर सांगितलेली नट ढिला करण्याची परीक्षा कदापि करू नये. एवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. वरून सुईच्या टोकाएवढे छिद्र दिसते, दुखतही नाही, आणि आत मांस सडून बोट किंवा हात काढण्याची पाळी येते. जुन्या नोझलच्या टेस्टरवरही फवाऱ्यासमोर हात धरू नये, ते याचसाठी. कधी धार लागलीच तर घरगुती उपाय न करता तडक इस्पितळ गाठावे आणि 'दाबाचे डिझेल आत गेले आहे' असे डॉक्टरांना सांगावे.

या इंजिनांत मुख्य फवाऱ्याच्या आधी एक चिमूटभर डिझेल सोडून आतला जाळ तयार ठेवतात. चुलवाणात आधी चार काटक्या पेटवून मग चिपाड घालण्यासारखेच. म्हणून ती इतकी मऊ चालतात. अशी गाडी एकाएकी जुन्या गाडीसारखी कडकडू लागली तर तो बिघाडच समजावा. तिथे नळ्यांना हात न लावता यंत्र जोडून तपासणी करून घ्यावी. कोणता सिलिंडर किती डिझेल घेतो ते पडद्यावर दिसते. त्या गाड्यांत नोझलची नुसती अदलाबदलही परस्पर करू नये, कारण प्रत्येक इंजेक्टरचा क्रमांक गाडीच्या संगणकात भरलेला असू शकतो. (जाता जाता : या ट्रकांच्या निळ्या झाकणाच्या टाकीत जो युरिया घालतात तो शेतातला नव्हे. शेतातल्या युरियाला कडुनिंबाचा लेप असतो. गोदामातला युरिया पाण्यात कालवून तिथे घालू नका.)

चालवण्याच्या सवयीबद्दल दोनच शब्द. भरलेली गाडी मोठ्या गिअरमध्ये ओढत चढ चढवणे, इंजिन गुदमरले तरी गिअर न उतरवता पाय दाबत राहणे, ही सवय चांगल्या इंजिनालाही ठोकायला लावते. वेळीच गिअर उतरवला की ठोका गेला, असे होत असेल तर दोष गाडीचा नाही. आणि ठरलेल्या वजनापेक्षा जास्त ऊस भरणे, यावर काय लिहावे? काट्यावर सगळे दिसतेच.

मिस्त्रीकडे जाताना नुसते "गाडी ठोकते" असे सांगू नये. कागदाच्या तुकड्यावर लिहून न्यावे : गार असताना की तापल्यावर, रेस देताना की सोडताना, धुराचा रंग कोणता, ऑइलचा दाब किती, शेवटचे डिझेल कोठे भरले, आणि पंपाला अलीकडे कोणी हात लावला होता काय. जाणता मिस्त्री एवढे वाचूनच निम्मा निकाल देतो.

एवढे करूनही इंजिन उघडावे लागले, तर काढलेली जुनी बेअरिंगे परत मागून घ्यावीत आणि ओळीने मांडून पाहावीत. एकच खराब आणि बाकीची चांगली असतील तर त्या एका रॉडचा किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या ऑइलच्या भोकाचा दोष. सगळीच झिजून आतले तांबे उघडे पडले असेल तर ऑइल कमी पडले किंवा घाण गेली. मग ऑइलचा पंप तपासून, सगळे मार्ग धुऊन घेतल्याशिवाय नवी बेअरिंगे घालू देऊ नका, नाहीतर तीही त्याच हंगामात जातील.